विश्वामित्रीच्या काठावर वापरलेली अवजारे: चार हिवाळ्यांनंतरचे परीक्षण

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठावरचा कचरा उचलण्यासाठी आमचा बारा-पंधरा जणांचा गट २०२१ च्या दिवाळीनंतर प्रथम बाहेर पडला, तेव्हा आमच्यापाशी घरातले दोन खराटे, बागेतले एक लोखंडी दंताळे, भांडी घासताना वापरायचे रबरी हातमोजे आणि काळ्या प्लास्टिकच्या कचरापिशव्यांची एक गुंडाळी एवढेच साहित्य होते. पहिल्याच रविवारी दोन तासांत हातमोजे फाटले, पिशव्या काट्यांना लागून फुटल्या आणि गोळा केलेल्या कचऱ्यातला बराचसा वर आणताना उतारावरच सांडला. पुढच्या चार हिवाळ्यांत आम्ही वर्गणी काढून एकेक वस्तू घेत गेलो. काही वस्तू टिकल्या, काही पहिल्या महिन्यात निकामी झाल्या आणि काही चांगल्या असूनही आम्ही आपणहून बाजूला ठेवल्या. आमच्या गटात बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतली, गणेशोत्सवाच्या निमित्ताने एकमेकांना ओळखणारी मराठी कुटुंबे आहेत, आणि इतर गावांतले नातेवाईक व परिचित आम्हांला वारंवार विचारतात की असे काम सुरू करायचे तर काय विकत घ्यावे. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. यांतल्या बहुतेक वस्तू हार्डवेअरच्या दुकानात बिननावाच्याच मिळतात, त्यामुळे हे परीक्षण कोणत्याही कंपनीचे नसून वस्तूच्या घडणीचे आणि उपयोगाचे आहे.

आधी नदीविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण हीच अवजारे एखाद्या गावतळ्यावर वापरली असती, तर त्यांच्याविषयीचे माझे मत कदाचित वेगळे झाले असते. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोदा शहराच्या मधून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताची वाट धरते. १८७९ मध्ये, सयाजीराव महाराजांच्या काळात खुल्या झालेल्या कमाटीबागेतूनच ती वाहते, त्यामुळे आमच्यापैकी प्रत्येकाने लहानपणी तिच्याकडे बागेतल्या पुलावरून वाकून पाहिलेले आहे. तिच्या पात्रात मगरींची मोठी वस्ती आहे; २०२५ च्या गणनेत ४४२ मगरी मोजल्या गेल्या. लाखो माणसांच्या शहरात, एवढ्या दाट वस्तीला खेटून इतक्या मगरी राहतात, ही गोष्ट मला आजही थक्क करते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या मगरीचा समावेश आहे, म्हणजे तिला कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. थंडीत ऊन चढू लागले की ती काठाच्या उतारावर ऊन खात पडते. मादी साधारण मार्च-एप्रिलमध्ये त्याच उतारावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळा तोंडावर आला की पिल्ले बाहेर येतात. मगरी काठात खोल बिळेही करतात, आणि कासवेही त्याच मातीत अंडी घालतात. थोडक्यात, ज्याला आपण कचरा पडलेला उतार म्हणतो ते कोणाचे तरी घर असते.

त्यामुळे आमच्या गटाचे नियम लवकर ठरले. काम दिवाळीनंतर सुरू करायचे आणि फेब्रुवारी संपताच थांबवायचे. पाण्यातला आणि पाण्याच्या अगदी कडेचा कचरा कितीही डोळ्यांना खुपला तरी उचलायला जायचे नाही. जागा निवडण्यापूर्वी प्रभाग कार्यालयाला आणि वनखात्याला कळवायचे. आणि कोणीही एकट्याने खाली उतरायचे नाही. अवजारांची पारखही याच नियमांतून आली. प्रत्येक वस्तूला मी दोन प्रश्न विचारते: ही वस्तू माणसाचा हात आणि पाय धोक्यापासून लांब ठेवते का, आणि कचरा उचलताना ती काठाला, म्हणजे तिथल्या मातीला, गवताला आणि मुळांना, धक्का न लावता राहते का. दुसरा प्रश्न आम्हांला सुचायला एक पूर्ण हिवाळा जावा लागला, आणि त्याची किंमत नदीने भरली.

ती हकिकत लोखंडी दंताळ्याची आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. दंताळ्याला इथल्या बाजारात पंजेटी म्हणतात. आमचे दंताळे बारा दातांचे, जाड लोखंडाचे, सागवानी दांड्याचे आणि बागकामासाठी उत्तम होते. मातीत अर्धवट गाडल्या गेलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या त्याने ओढून निघतात, हे पाहून आम्हांला मोठा आनंद झाला आणि त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही साठ-सत्तर फूट लांबीचा एक उतार अक्षरशः विंचरून काढला. काम संपले तेव्हा तो उतार शाळेच्या मैदानासारखा स्वच्छ, मोकळा आणि तांबूस दिसत होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेतले. पुढच्या पावसाळ्यात नेमका तेवढाच उतार कापला गेला. दोन्ही बाजूंना जिथे लव्हाळे, दर्भ आणि झुडपे तशीच राहिली होती तिथे काठ शाबूत होता, आणि आम्ही विंचरलेल्या जागी मात्र पाण्याने हातभर खोल घळी पाडल्या होत्या. पिशव्यांबरोबर आम्ही गवताची मुळे ओढून काढली होती, आणि माती धरून ठेवणारे दुसरे काही तिथे नव्हते. ते छायाचित्र मी अजून जपून ठेवले आहे, पण नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकाला ते दाखवताना त्यासोबत पावसाळ्यानंतरचे छायाचित्रही दाखवते.

या अनुभवानंतर लोखंडी दंताळे आम्ही कायमचे बंद केले आणि हिरवळीवरची पाने गोळा करण्यासाठी मिळते ते पंख्याच्या आकाराचे, पातळ तारांचे दंताळे घेतले. त्याच्या तारा लवचिक असल्यामुळे मुळांशी गाठ पडली की त्या वाकतात आणि वरून सरकून जातात; सुटा कचरा, थर्मोकोलचे तुकडे, सुकी पाने आणि पाकिटे मात्र व्यवस्थित ओढली जातात. त्याचा दोष असा की ओला, चिखलात रुतलेला कचरा त्याला हलत नाही आणि वर्षभरात तीन-चार तारा हमखास तुटतात. तारांची पसरण कमीजास्त करता येते असा प्रकार घेतला तर सरकती कडी चिखलाने अडकते, म्हणून स्थिर पसरणीचाच घ्यावा. दुकानदार तुम्हांला लोखंडी दंताळे अधिक टिकाऊ म्हणून सुचवील आणि टिकाऊपणापुरते त्याचे म्हणणे बरोबरच असेल, तरीही नदीच्या उतारावर ते नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे प्लास्टिक मातीत खोल गेलेले आहे ते तिथेच राहू द्यावे लागते. हे मान्य करायला मला फार जड गेले, पण त्याला दुसरा मार्ग मला दिसत नाही. खणण्याची कोणतीही अवजारे, म्हणजे कुदळ, पहार, खुरपे, आम्ही आता काठावर नेतच नाही. या नदीकाठाच्या मातीत केवळ बिळे आणि अंडीच असतात असेही नाही. बडोदा संग्रहालयातल्या प्राचीन जैन कांस्यमूर्ती विश्वामित्रीकाठच्या अकोट्यातच सापडल्या आहेत, आणि अशा भूमीवर हौशी माणसांनी पहार चालवू नये, हे कारणही मला पुरेसे वाटते.

सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त चर्चा आम्ही ज्या वस्तूवर खर्च केली ती म्हणजे कचरा उचलण्याचा लांब चिमटा. एका टोकाला मूठ आणि खटका, मध्ये पोकळ दांडा आणि दुसऱ्या टोकाला दोन जबडे, अशी त्याची रचना असते; खटका दाबला की दांड्यातली तार किंवा सळई ओढली जाते आणि जबडे मिटतात. आमच्याकडे आजवर त्याचे तीन प्रकार झाले.

पहिला प्रकार घडीचा होता. ऑनलाइन मागवलेले असे सहा चिमटे आले, त्यांपैकी एकाचा जबडा पेटीतच निखळलेला होता आणि विक्रेत्याने तो बदलून देण्यासाठी पाच आठवडे लावले. पण खरा दोष विक्रेत्याचा नव्हता, घडीचा होता. दांड्याच्या मध्यावर जिथे तो दुमडतो त्या बिजागरीत काठावरची बारीक वाळू शिरते, मग घडी पूर्ण बसत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारी जोर लावताच दांडा तिथेच मोडतो. सहापैकी पाच चिमटे असे एकाच जागी मोडले. घडीचा चिमटा स्कूटरच्या डिकीत मावतो हा त्याचा मोह आहे, पण तो टाळावा.

दुसरा प्रकार अखंड ॲल्युमिनिअमच्या दांड्याचा, बत्तीस इंच लांबीचा, जबड्यांना रबराचे आवरण असलेला. तो आम्हांला लहरीपुरा दरवाजाच्या बाजूच्या एका दुकानात साडेतीनशे रुपयांना मिळाला आणि आजही आमचे मुख्य अवजार तोच आहे. वजनाला हलका असल्यामुळे दोन तास वापरूनही मनगट भरून येत नाही. पानमसाल्याच्या पाकिटांसारखी बारीक वस्तू तो झुडपाच्या आतून, गवताला न उपटता, एकटी बाहेर काढतो, आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाला इतके चांगले उत्तर दुसऱ्या कोणत्याही वस्तूने दिलेले नाही. शिवाय वाकावे लागत नाही. आमच्या गटात बहात्तर वर्षांच्या एक आजी आहेत. गुडघे दुखत असल्यामुळे त्या पहिल्या वर्षी केवळ पाणी आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन वर रस्त्यावर बसून असत. चिमटे आल्यापासून त्या काठावरच्या सपाट पट्टीत आमच्याबरोबर उभ्या राहून काम करतात आणि पाकिटे वेचण्याच्या चिकाटीत त्यांच्या बरोबरीला कोणी पोचत नाही. एका वस्तूने एक माणूस कामात आणला, ही मला त्या वस्तूची फार मोठी पावती वाटते.

त्याचे दोषही सांगते. अर्धा किलोपेक्षा जड वस्तू तो उचलत नाही. ओले कापड तर मुळीच नाही. रबराचे आवरण उन्हाने कडक होऊन एका मोसमात तडकते, तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागते. दांड्यातली सळई लोखंडी असेल तर गंजते, म्हणून प्रत्येक वेळी धुऊन, उलटा टांगून, पूर्ण वाळल्यावर खटक्यात शिलाई मशीनचे दोन थेंब तेल सोडावे लागते. एवढी निगा राखली तर तो दोन हिवाळे सहज चालतो. विकत घेताना दुकानातच फरशीवर आगपेटीतली एक काडी ठेवून ती चिमट्याने उचलून पाहावी. जबड्यांची टोके एकमेकांवर बरोबर येत नसतील तर काडी उचलली जात नाही, आणि तसा चिमटा पाकिटेही उचलत नाही.

तिसरा प्रकार आम्ही लोहाराकडून करून घेतला. तीन फूट लांबीचा, स्वयंपाकघरातल्या चिमट्याचेच मोठे रूप म्हणता येईल असा, पूर्ण लोखंडी. फुटलेल्या बाटल्या, नारळ, फरशीचे तुकडे यांसाठी त्याला तोड नाही आणि तो कधी मोडेल असे वाटत नाही. मात्र वजन किलोभर असल्याने तरुण मुलांनाही तो अर्ध्या तासात नकोसा होतो. गटात असे दोन असावेत, त्याहून अधिक नकोत.

चिमटा जिथे पोचत नाही तिथे जे साधन उपयोगी पडले ते आमच्यापैकी कोणालाही दुकानात सापडले नसते. ऑगस्ट २०२४ मधल्या महापुरात काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, शहराच्या अनेक भागांतल्या घरांत पाणी शिरले आणि तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी पकडून सुखरूप हलवाव्या लागल्या. पूर ओसरल्यावर आम्ही काठावर गेलो तेव्हा कचरा जमिनीवर कमी आणि झाडांवर अधिक होता. बाभळींच्या आणि वडांच्या फांद्यांना, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर, पिशव्या, चुनऱ्या, साड्या आणि गाद्यांच्या चिंध्या लोंबत होत्या, जणू पाणी कुठवर आले होते याची खूण नदी मागे ठेवून गेली होती. रत्नागिरीकडचे माहेर असलेल्या आमच्या एका वहिनींनी तेव्हा झेल्याची आठवण काढली. कोकणात आंबे उतरवायला लांब बांबूच्या टोकाशी जाळीची पिशवी आणि धारेचे पाते बांधलेले असते, तोच झेला. त्यांच्या भावाने दोन झेले खास बांधून पाठवले. आम्ही पाते काढून त्या जागी तारेची आकडी बसवली, म्हणजे फांदी कापली जाणार नाही आणि अडकलेले कापड मात्र फिरवून ओढता येईल. सुटलेली वस्तू खाली न पडता जाळीत येते. दहा-बारा फूट लांबीचा बांबू तोलायला दोघे जण लागतात, आणि वरून वीजवाहिनी जात असेल तर तो उभा करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना बजावून सांगावे लागते. दोरीची जाळी काट्यांनी फाटते, ती मासे पकडण्याच्या जुन्या जाळ्याचा तुकडा लावून आम्ही दुरुस्त केली. बांबूला दरवर्षी जवसाचे तेल लावून सावलीत आडवा ठेवला तर तो तडकत नाही. किंमत सांगता येत नाही, कारण माहेरहून आलेल्या वस्तूचे पैसे त्या वहिनींनी घेतले नाहीत.

कापड हा नदीकाठचा सर्वांत हट्टी कचरा आहे. नवरात्रातल्या आणि दशामा या देवीच्या व्रतातल्या चुनऱ्या, सोवळी, तसबिरींभोवतीची वस्त्रे नायलॉनची असतात. ती कुजत नाहीत, पुराबरोबर मुळांत विणली जातात आणि ओढली तर मूळच बाहेर येते. यासाठी आधी विळा वापरून पाहिला, पण विळ्याचा फटका कापडाबरोबर मुळालाही बसतो आणि घसरला तर स्वतःच्या पायालाही. नंतर घेतलेली छाटणीची कात्री, जी गुलाबाच्या झुडपांसाठी मिळते, ती या कामाला अत्यंत योग्य ठरली. कापड मुळाच्या दोन्ही बाजूंना कापायचे, सुटेल तेवढे काढायचे आणि आत गुंतलेली चिंधी सोडून द्यायची. चांगली कात्री चारशे रुपयांच्या आसपास मिळते. तिची स्प्रिंग निसटून हरवते, म्हणून आधीच एक जादा मागून घ्यावी, आणि मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळावी. हिरव्या मुठीच्या दोन कात्र्या आम्ही हिरव्या गवतात कायमच्या हरवल्या आहेत.

याच ओघात निर्माल्याविषयी लिहिते, कारण त्यासाठी आम्ही वेगळे पिंप घेतले. महापालिकेने गणेशविसर्जनासाठी नवलखी मैदानासारख्या ठिकाणी कृत्रिम तलाव केल्यापासून नदीत येणाऱ्या मूर्ती कमी झाल्या आहेत, आणि आमच्याच मंडळाने त्या तलावात विसर्जन केले तेव्हा मनात जो थोडा संकोच होता तो आता उरलेला नाही. पण फुटलेल्या तसबिरी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेली फुले, जुन्या पोथ्या अजूनही काठावर येतात. त्या कचऱ्याच्या गोणीत टाकायला आमच्यातल्या वडीलधाऱ्यांचा हात धजत नव्हता, आणि त्यांची ती भावना आम्ही खरी मानली. म्हणून झाकणाचे एक निळे पिंप निर्माल्यासाठी ठेवले. फुले त्यातून घरच्या कंपोस्टमध्ये जातात. पिशवी, काच आणि चौकट वेगळी होते. पन्नास लिटरचे पिंप भरल्यावर उतारावरून दोघांनाही उचलत नाही, म्हणून पंचवीस-तीस लिटरचेच घ्यावे.

हातमोज्यांच्या बाबतीत आम्ही बरीच वर्गणी वाया घालवली. वेल्डिंगचे चामडी हातमोजे काच आणि काटा यांपासून उत्तम संरक्षण देतात, पण एकदा ओले झाले की वाळल्यावर लाकडासारखे कडक होतात. कोपरापर्यंतचे पीव्हीसीचे हातमोजे पाणी आत येऊ देत नाहीत, मात्र आत घाम इतका साचतो की अर्ध्या तासात हात पांढरे पडतात. आता आम्ही विणलेल्या कापडावर नायट्राइल या कृत्रिम रबराचा लेप असलेले हातमोजे वापरतो. त्यांत लेप केवळ तळव्यावर असलेले आणि संपूर्ण हातावर असलेले असे दोन प्रकार येतात. केवळ तळव्यावर लेप असेल तर मागच्या बाजूने गटाराचे पाणी आत झिरपते, म्हणून पूर्ण लेपाचेच घ्यावेत, जरी त्यांची जोडी शंभराच्या पुढे जात असली तरी. इंजेक्शनची सुई यांपैकी कोणताही हातमोजा थांबवत नाही. सुई दिसली तर ती चिमट्यानेच उचलून जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकायची, हा नियम हातमोज्यापेक्षा मोठा आहे. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शरीरात शिरतो, त्यामुळे हातापायाला साधा ओरखडा असलेल्या व्यक्तीला त्या रविवारी आम्ही वर हिशेब लिहायला बसवतो, आणि मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून धनुर्वाताची लस घेतलेली असावी असा आग्रह धरतो.

गमबुटांविषयी थोडक्यात. पीव्हीसीचे, गुडघ्याखालपर्यंत येणारे, तळव्यात पोलादी पत्रा असलेले घ्यावेत. पत्रा नसलेल्या जोडीतून बाभळीचा काटा सरळ वर येतो, हे मी माझ्या डाव्या टाचेच्या अनुभवावरून सांगते. गमबूट घातला म्हणजे पाण्यात उतरता येते ही समजूत मात्र धोक्याची आहे. आत पाणी भरलेला बूट पाय जागीच खिळवून ठेवतो, आणि या नदीत पाय खिळणे परवडणारे नाही. दुकानांत सात नंबरच्या खालचे जोड सहसा नसतात. बहुधा हे काम बायका करतील असे कोणी गृहीत धरलेले नाही. आमच्या गटात निम्म्याहून अधिक बायका आहेत, आणि दोन जाड मोजे चढवून मोठ्या बुटात पाय घसरवत उतारावर चालणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही, पडण्याचा प्रश्न आहे.

कचरा भरण्यासाठी काळ्या पिशव्या मुळीच घेऊ नयेत. त्या फाटतात आणि त्यांचेच तुकडे काठावर राहतात, म्हणजे आपण कचरा उचलायला जाऊन कचरा टाकून येतो. किराणा दुकानातल्या गहू-साखरेच्या रिकाम्या विणलेल्या गोणी दहा-पंधरा रुपयांना मिळतात, पाणी विणीतून निथळते आणि त्या धुऊन पाच-सहा वेळा वापरता येतात. पण या गोणीही शेवटी प्लास्टिकच्याच. उन्हात पडून राहिल्या तर काही महिन्यांत त्यांचे धागे सुटून भुगा होतो आणि तो भुगा चिमट्याने उचलता येत नाही. एकदा आमच्या चार भरलेल्या गोणी उचलून नेणारी गाडी ठरलेल्या दिवशी आली नाही आणि पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा कुत्र्यांनी त्या फाडलेल्या होत्या. तेव्हापासून गोणी मोजून खाली न्यायच्या आणि मोजून त्याच दिवशी वर आणायच्या, आणि गाडी आल्याशिवाय शेवटच्या दोघांनी घरी जायचे नाही, असे ठरवले आहे. गोणी अर्धीच भरावी. ओला कचरा भरलेली पूर्ण गोणी वीस किलोंच्या वर जाते. वजन करायला हूक असलेला ताणकाटा घेतला आहे, तो भंगारवाल्याकडे बाटल्या देतानाही कामाला येतो. भंगारवाला बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या घेतो, वेफर आणि मसाल्यांची चकचकीत पाकिटे घेत नाही. ती महापालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्यावी लागतात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि डिसेंबर २०२२ नंतर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्याही चालत नाहीत. तरीही आमच्या गोणीत त्याच पिशव्या सर्वाधिक असतात, हे इथे नोंदवून ठेवते.

दुर्बीण ही वस्तू सफाईच्या यादीत पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते, पण तिच्याशिवाय आम्ही आता एकही रविवार सुरू करत नाही. साधी, आठपट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी असते. काम सुरू करण्यापूर्वी दोघे जण वरच्या रस्त्यावरून समोरचा आणि अलीकडचा काठ, पाण्यावर तरंगणारे ओंडके आणि जलपर्णीचे पुंजके वीस मिनिटे शांतपणे पाहतात. ओंडका हलला तर तो ओंडका नव्हे. मगर दिसली तर त्या दिवशीची जागा बदलते, त्यावर चर्चा होत नाही. या दुर्बिणीचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की बरोबर येणारी शाळकरी मुले पाणकावळे, चित्रबलाक आणि खंड्या ओळखू लागली, आणि त्यांपैकी दोघांनी पक्ष्यांची वही सुरू केली आहे. मुले वरच्या रस्त्यावरच थांबतात, हे स्पष्ट करते.

एकूण हिशेब पाहायचा तर बारा माणसांच्या गटाला आठ अखंड दांड्याचे चिमटे, दोन लोखंडी चिमटे, दोन तारांची दंताळी, दोन कात्र्या, बारा जोड हातमोजे व गमबूट, गोणी, पिंप आणि ताणकाटा एवढे साहित्य साधारण अकरा ते बारा हजार रुपयांत झाले, दुर्बीण वेगळी. पैसे कमी असतील तर आधी चिमटे आणि बूट घ्यावेत आणि बाकीचे थांबवावे. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम मोठ्या यंत्रांनी झाले, तेव्हापासून आमचे जुने दोन उतार ओळखू येईनासे झाले आहेत. त्यामुळे यंदा कोणत्या जागी काम करायचे हे ठरवण्यासाठी आम्ही कोजागरीनंतर काठाने पायी फिरणार आहोत, आणि जिथे गवत नव्याने धरू लागले असेल तिथे दंताळे अजिबात न लावता केवळ चिमट्यांनी काम करणार आहोत. चार चिमट्यांचे रबर बदलून झाले आहे, झेल्याची जाळी शिवून झाली आहे, आणि पाच नंबरचे गमबुटांचे तीन जोड मात्र अजून कोणत्याही दुकानात मिळालेले नाहीत. कोणाला ते बडोद्यात मिळाल्याचे ठाऊक असेल तर अवश्य कळवावे.